नागपुरातच तीन दिवसांची सुट्टी: कोणत्या वेळी कुठं जायचं आणि काय खायचं

मागच्या डिसेंबरात आमचं बाहेर जायचं ठरलं होतं पण रिझर्व्हेशन शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलं, दोघी पोरी तोंड पाडून बसल्या, आणि मग मोठीनं विचारलं, "आई, आपण महाल कधी पायी फिरलो का गं?" नव्हतो फिरलो. महाल म्हणजे जुन्या नागपूरचा भाग, मावशीचं घर तिथं, म्हणून गाडीनं जायचं, जेवायचं आणि गाडीनंच परत यायचं, इतकाच आमचा महाल. तेव्हा सुट्टीचे तीन दिवस आपल्याच शहरात पाहुण्यासारखं राहायचं ठरवलं. नंतर नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून "तुम्ही नेमकं कसं केलं ते सांगा" म्हटलं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, बाकीचा सगळा प्लॅन तिच्यावरच आहे. नागपुरात कुठं जायचं ह्यापेक्षा कधी जायचं हे जास्त महत्त्वाचं. तर्री पोहा सकाळी साडेसातला जसा लागतो तसा अकराला लागत नाही, तर्री, म्हणजे वरचा लाल रस्सा, तळाला गेलेली असते. इतवारीत सकाळी दहाच्या आधी चालता येतं, दुपारी हातगाड्या, ई-रिक्षा आणि गठ्ठे ह्यांच्यात पाय ठेवायला जागा नसते. फुटाळा तलाव संध्याकाळचा, सावजी जेवण रात्रीचं. म्हणून ठिकाणांची यादी करू नका, दिवसाचे तुकडे करा: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक तुकड्यात एकच भाग आणि एकच खाणं ठेवा. आम्ही पहिल्या दिवशी पाच ठिकाणं ठरवली होती, तीन झाली, आणि ती तीनच नीट पाहून झाली.

आधी तारखा ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. थंडी असते, संत्री असतात, सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) असते, तुरीचे सोले असतात. संत्र्याचे दोन बहार येतात, आंबिया बहाराची फळं साधारण दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात, त्यामुळे मधल्या जानेवारीत कधीकधी बाजार जरा रिकामा वाटतो. एप्रिल-मेमधे करायचंच असेल तर सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहानंतर एवढंच फिरा. आपल्याकडं पारा 45 च्या वर जातो हे आपल्याला ठाऊक आहे, पण सुट्टीच्या उत्साहात माणूस विसरतो आणि मग लहान पोरं आजारी पडतात.

काही गोष्टी फक्त ठराविक दिवशीच बघायला मिळतात, त्या कॅलेंडरवर आधीच मार्क करून ठेवा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, लोकांसाठी तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला उघडतात. 1817 च्या नोव्हेंबरात आप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई ह्याच टेकड्यांवर झाली, आणि आपण रोज खालून बर्डीत खरेदीला जातो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, सोबत बडगे (तेही पुतळेच), आणि "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" हा ओरडा. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. हे बघायचं असेल तर सकाळीच इतवारीत एखाद्या ओळखीच्याची गॅलरी गाठा, लहान पोरांना घेऊन रस्त्यावरच्या गर्दीत उभं राहू नका. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात, तो दिवस सुट्टीत फिरण्याचा नाही, श्रद्धेनं जायचा आहे.

आणि सोमवार टाळा. मध्यवर्ती संग्रहालय सोमवारी बंद असतं, बाकीच्याही काही जागा बंद असतात. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणाची वेळ फोनवर बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

राहायचं कुठं

माझं स्पष्ट मत आहे की किमान एक रात्र घराबाहेर काढा. घरी राहिलं की मोलकरीण येते, पाणी भरायचं असतं, कुकर लावायचा असतो, आणि सुट्टी तिथंच संपते. आम्ही बर्डीजवळ एका साध्या लॉजमधे एक खोली घेतली, बाकी दोन रात्री घरी. बर्डीचा फायदा म्हणजे मेट्रोच्या दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात. धरमपेठ-शंकरनगर भाग शांत आहे, खायला भरपूर आहे, ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर तो बरा. घरीच राहायचं असेल तर नियम करा की तीन दिवस नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरात शिजणार नाही, घरात फक्त दुपारची झोप.

फिरायला कार काढू नका, कळकळीची विनंती. महाल-इतवारीत पार्किंग शोधण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल. मेट्रोची ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी अशी उत्तर-दक्षिण, आणि अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशी पूर्व-पश्चिम, एवढं डोक्यात ठेवलं की झालं. 2022 च्या डिसेंबरपासून पूर्ण रूट सुरू आहे तरी आपल्यापैकी कितीतरी जण अजून त्यात बसलेले नाहीत. पोरींना कस्तुरचंद पार्कवरून कडबी चौकाकडं जाताना गड्डीगोदामचा तो चार मजली पूल दाखवला, खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर फ्लायओव्हर आणि सगळ्यात वर आपली मेट्रो, आणि त्या खिडकीला चिकटून बसल्या. स्टेशनपासून पुढं पायी किंवा ऑटो. ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या, "किती घेता भाऊ" एवढं विचारलं की पुढचा वाद होत नाही.

खाण्यासाठी आम्ही चौघांना मिळून दिवसाचे 1500 रुपये वेगळे ठेवले होते, नोटा आणि सुटे दोन्ही. फोनवरचं पेमेंट बहुतेक टपऱ्यांवर चालतं, पण सकाळच्या घाईत सुटे असले की काम लवकर होतं.

पहिला दिवस: पोहा, झिरो माइल, फुटाळा

सात-साडेसातला कस्तुरचंद पार्कच्या बाजूला पोचा. तर्री पोहा म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायची गरज नाही, पण पाहुणे सोबत असतील तर त्यांना आधीच समजवा की हा पुण्या-मुंबईचा कांदेपोहा नाही. खाली मऊ पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल झणझणीत तर्री, वरून कांदा, टमाटर, चिवडा किंवा शेव, सांबार आणि लिंबू. (सांबार म्हणजे कोथिंबीर बरं, इडलीसोबतचं नाही, ह्यावरून पुण्याच्या भाच्याचा मोठा गोंधळ झाला होता.) ऑर्डर करताना "तर्री वेगळी द्या" म्हणा, म्हणजे आपल्या अंदाजानं घालता येते आणि पोरांना कोरडे पोहे देता येतात. तर्री संपली तर मागून घ्या, लाजू नका. एका प्लेटमधे दोघांनी खा, कारण पुढं आलूबोंडा आहे. आलूबोंड्यावर पण तर्री घ्यायची, बोंडा फोडून तीत बुडू द्यायचा आणि एक मिनिट थांबायचं.

तिथून झिरो माइल पायी जाता येतं. चार घोडे आणि खांब आपण सिग्नलवरून हजारदा पाहिलेत. ह्यावेळी उतरून जवळ जा. 1907 च्या सुमाराचं हे काम आहे, इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं. देशाचा मध्य म्हणून सगळे ओळखतात, पण मुळात तो मोजणीचा दगड. त्यावर कोरलेली गावांची नावं वाचा, हैदराबाद, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल, आणि आपलं चंद्रपूर तिथं "चांदा" म्हणून आहे. माझ्या धाकटीनं ती सगळी नावं वहीत उतरवली आणि घरी येऊन नकाशात शोधली, मला वाटतं शाळेच्या भूगोलापेक्षा जास्त ती तिथं शिकली.

पुढं विधान भवन बाहेरून बघत अजब बंगल्याला जा, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चं. पेंढा भरलेले पक्षी-प्राणी, जुन्या मूर्ती, आदिवासींच्या वस्तू. घाई नको, दीड-दोन तास ठेवा. पोरं लहान असतील तर पक्ष्यांच्या दालनापासून सुरू करा, मूर्ती शेवटी, नाहीतर ती अर्ध्यातच कंटाळतात. तिथून सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून हायकोर्टापर्यंत चालत गेलो, 1940 ची ती दगडी इमारत आणि वरचा घुमट सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो. शहरात इतकी सावली अजून शिल्लक आहे ह्याचं मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं.

दुपारी झोपा. खरंच झोपा, दुपारच्या झोपेशिवाय हा प्लॅन चालत नाही.

साडेचारला तेलंगखेडीच्या मारुतीचं दर्शन, मग फुटाळा. काठावर भाजलेला भुट्टा, तिखट-मीठ-लिंबू चोळून, आणि चहा. गर्दी रविवारी फार, मधल्या वारी या. रात्रीचं हलकं ठेवा, धरमपेठ-गोकुळपेठेत गुपचूप खा (पाहुण्यांना सांगा की ही पाणीपुरीच) आणि वरून आइस्क्रीम. दिनशॉज 1932 पासूनचं आपल्याच गावचं, हे पोरींना माहीतच नव्हतं.

दुसरा दिवस: महाल आणि इतवारी, पूर्ण पायी

हा दिवस मला सगळ्यात आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मेट्रोनं कॉटन मार्केट स्टेशनला उतरा, सातच्या आसपास. तिथून गांधीसागर. जुनी माणसं अजून शुक्रवारी तलाव नाहीतर जुम्मा तलावच म्हणतात. मधल्या बेटावर महादेवाचं मंदिर आहे. समोर रमण विज्ञान केंद्र, 1992 चं, पुढं 1997 मधे तारांगण जोडलं. पोरांना तिथं न्यायचंच असेल तर दुपारी परत या, सकाळ त्यात घालवू नका. जवळच एम्प्रेस मॉल दिसेल, त्या जागेवर टाटांची एम्प्रेस मिल होती, 1877 च्या 1 जानेवारीला सुरू झालेली. मिल, विणकर आणि रात्रीचं आपलं जेवण, ह्यांचा संबंध पुढं सांगते.

टिळक पुतळ्यावरून पुढं गांधी गेट. मूळ नाव जुम्मा दरवाजा. ह्या दरवाज्याच्या आत जुनं शहर. गोंड राजा बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरवातीला लहान लहान वस्त्या जोडून नागपूर वसवलं, मग भोसले आले आणि महालाला आजचं रूप आलं. आत शिरलं की मुख्य रस्ता सोडा आणि गल्ल्या धरा. लाकडी खांबांचे जुने वाडे अजून आहेत, काही पडायला आलेत, काहींच्या जागी फ्लॅट उभे राहिलेत, बघून जीव तुटतो. रुक्मिणी मंदिर आणि कल्याणेश्वर मंदिर दोन्ही बघा, आणि दर्शन झालं की बाहेर येऊन दगडातलं कोरीवकाम बघा, बहुतेक लोक नमस्कार करून निघून जातात. लोकांच्या दारात फोटो काढताना विचारा. आम्हाला एका काकूंनी विचारल्यावर आत बोलावून चौक दाखवला आणि "बसा नं, चहा ठेवते" म्हणाल्या.

नाश्ता बडकस चौकाच्या आसपास. गरम जिलबी, कचोरी, मुंगवडे, जे कढईतून निघत असेल ते. कढईसमोर लोक उभे असतील तिथं जा, परातीत गार झालेलं घेऊ नका, हा एकच नियम मी सगळीकडं पाळते.

मग मावशीकडं जेवण. तुमची मावशी महालात नसेल तर एखाद्या घरगुती भोजनालयात आधी फोन करून वऱ्हाडी जेवण सांगून ठेवा, कारण वडाभात हा पदार्थ पाच मिनिटांत कोणी देत नाही. डाळी भिजवून भरड वाटायच्या, तिखट वडे तळायचे, गरम भातावर ते कुस्करायचे आणि वरून हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी, तेलाचा हात आखडता नको. सोबत कढी. गोळाभात पण असाच, फक्त बेसनाचे गोळे भाताच्या वाफेवर शिजवतात. थंडीत सांबारवडी मिळालीच पाहिजे, हिरवागार सांबार धुऊन, पूर्ण वाळवून, खोबरं-खसखस-तिखटाचं सारण करून बेसनाच्या पारीत पुडासारखं बांधतात म्हणून पुडाची वडी. पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा पण मागा. मावशी म्हणाली, "हॉटेलात कायले जाता, रोज या नं." मावशीच्या हातचं होतं म्हणून सांगत नाही, पण हे जेवण घरात किंवा घरगुती ठिकाणीच खावं.

इतवारी जेवणाआधी करून घ्या, साडेनऊ ते अकरा. गांधीबागेचं कापड, सराफा, किराण्याच्या ओळी, मसाल्याच्या गल्लीत शिंका येतात आणि त्याच गल्लीतून तुम्ही दगडफूल, खसखस, जवस घेऊ शकता, सुपरमार्केटच्या पाकिटापेक्षा कितीतरी ताजं. थोडं थोडंच घ्या, पिशवी घेऊन अजून चालायचं आहे. पोद्दारेश्वर राम मंदिरात जाऊन या, रामनवमीची मोठी शोभायात्रा इथूनच निघते. दमलात तर चितार ओळी किंवा अग्रसेन चौक स्टेशनवरून मेट्रो. चितार ओळीत गणपतीच्या आधी गेलात तर मूर्तिकार मातीत काम करताना दिसतात, त्यासाठी ऑगस्टमधे एक वेगळी सकाळ काढा.

त्याच रात्री सावजी

सावजी म्हणजे नुसतं तिखट नाही, हे मला फार वाटतं. हे हलबा कोष्टी लोकांचं, विणकरांचं जेवण. दिवसभर मागावर बसणाऱ्या, नंतर मिलमधे काम करणाऱ्या माणसांच्या घरातलं. मग माग बंद पडत गेले तसं त्याच घरांमधून भोजनालयं निघाली आणि आज ह्याच जेवणावर शहराची ओळख आहे. ज्या दिवशी सकाळी मिलची जागा पाहिली त्या दिवशीच रात्री हे जेवलात तर ते वेगळंच लागतं. मसाला प्रत्येक घराचा वेगळा, भाजलेलं सुकं खोबरं, धने, काळी मिरी, दगडफूल, खसखस, आणि जुनी माणसं जवसाचं तेल सांगतात. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ लावतात.

कसं जायचं ते सांगते. साडेसात-आठला पोचा. आम्ही एका ठिकाणी दहाला गेलो तर खूर (म्हणजे पाया) आणि खिमा दोन्ही संपलेलं. गोळीबार चौक, पाचपावली, महाल, इतवारी ह्या भागांत जुनी लहान भोजनालयं आहेत, रिक्षावाल्याला किंवा दुकानदाराला विचारा "तुम्ही कुठं जेवता", तो सांगेल तिथं जा. बोर्ड मोठा आहे म्हणून जाऊ नका, सावजी नाव तर आता हायवेवर प्रत्येक ढाब्यानं लावलंय.

पहिल्यांदा खाणाऱ्यानं हाफ प्लेट मटण किंवा चिकन घ्यावं. आधी पोळी रश्श्यात बुडवून दोन घास, मग पीस, मग भात, लिंबू सढळ हातानं पिळायचं, कांदा सोबत हवाच. तिखट लागलं की पाणी ढोसू नका, त्यानं आग वाढते, कोरडा भात किंवा पोळीचा घास खा. मधे घाम येईल, येऊ द्या. पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी मात्र हट्ट करू नये, ही चढाओढ नाही. खूर, सुंदरी (बकऱ्याची आतडी) हे पुढच्या वेळी. शाकाहारी लोकांनी नाराज व्हायचं कारण नाही, डाळकांदा आणि पातोडी मागा, माझा नवरा माळकरी घरातला आहे, तो फक्त डाळकांद्यासाठी येतो. जिथं स्वैपाक वेगळा होत नाही तिथं तो जेवत नाही, त्यामुळे आधी विचारून घेतो.

लंबी रोटी मिळाली तर सोडू नका. सैल कणकेचा गोळा हातावर झुलवून झुलवून लांब करतात आणि उलट्या मडक्यावर टाकतात, रुमालापेक्षा मऊ. बनवताना उभं राहून बघा, पोरी बघतच राहिल्या.

तिसरा दिवस: दीक्षाभूमी, छोटी रेल्वे, संत्री

सकाळी लवकर दीक्षाभूमी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथं लाखो अनुयायांसोबत धम्म स्वीकारला. आजचा स्तूप 2001 मधे खुला झाला, बाहेरून सांचीसारखा, आतून मात्र पोकळ, प्रचंड घुमट. चपला बाहेर, आवाज बंद, फोन खिशात. आत बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, बाहेर बोधिवृक्ष आहे. लहान पोरांना इथं काय घडलं ते आदल्या रात्री सांगून ठेवा, मग ती आपोआप शांत बसतात. बाहेर पुस्तकांचे स्टॉल असतील तर एखादं घ्या.

पोरं सोबत असतील तर त्यानंतर कडबी चौकाजवळचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, मोतीबागेतलं, 2002 पासून आहे. जुनी छोटी इंजिनं आणि पोरांची टॉय ट्रेन. ऑरेंज लाइनचं कडबी चौक स्टेशन जवळ आहे. प्राण्यांची आवड असेल तर ह्याऐवजी गोरेवाड्याची सफारी, 2021 च्या 26 जानेवारीला सुरू झालेली, पण तिला अर्धा दिवस लागतो, दोन्ही एकाच दिवशी बसवू नका. आम्ही बसवायला गेलो आणि धाकटी ऑटोतच झोपली.

शेवटी संत्री. रेल्वे स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटच्या भागात किंवा घाऊक हवी असतील तर कळमन्यात. चकचकीत, एकसारखी केशरी दिसणारी घेऊ नका. साल थोडी सैल, फळ हाताला जड लागलं पाहिजे, हिरवट डाग असले तरी चालतात, आत गोड निघतात. विकणाऱ्याला एक सोलून मागा, तो देतो. बाहेरगावी पाठवायची असतील तर थोडी कच्चट निवडा, खोक्यात वर्तमानपत्र घाला आणि झाकणाला चार भोकं पाडा, बंद खोक्यात दोन दिवसांत बुरशी धरते. संत्रा बर्फी पाठवायची असेल तर ती निघायच्या दिवशीच घ्या. आम्ही पाच डझन घेतली, दोन डझन मावशीकडं पोचवली, आणि घरी येऊन कुकर लावायच्या आधी चौघांनी ओट्याजवळ उभ्या उभ्याच सोलून खाल्ली.